पुन्हा सांगणारे यंत्र

पाठ्यपुस्तकातला तो काळापांढरा चौकोन मला प्रथम मोडक्या रांगोळीसारखाच वाटला. त्यावर मोबाईल धरावा आणि धडा बोलू लागावा! सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी हा प्रयोग केला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना देऊन टाकली. हे मला त्या चौकोनापेक्षाही नवलाचे वाटते.

श्रीरामपुरात आम्हांला मोबाईलची खरी ओळख झाली ती त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद पडल्यावर. घरात मोबाईल एकच, आणि तो सकाळीच बापाच्या खिशातून उसात जाई! मग आमची शाळा भरे दिवेलागणीनंतर.

वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी माझा अपूर्णांकांचा पाठ सात-सातदा ऐकते, असे तिच्या आईने सांगितले. सातव्यांदा विचारायला वर्गात कोणते मूल धजेल? मला त्या यंत्राचा चक्क हेवा वाटला.

शाळा पुन्हा भरली. छेद समान करताना तिचा हात वर आला.

“सर, मोबाईलात तुम्ही भाकरीचे तुकडे केले होते. तसं पुन्हा सांगा ना.”

आणि तिने डबा उघडून भाकरी पुढे केली.