रिकामी कबर आणि शोकात्मिका

शोकात्मिकेवरील व्याख्यानांत एक विधान मी कित्येक वर्षे निःशंकपणे करीत आलो : ख्रिस्ती श्रद्धा आणि शोकात्म जाणीव एकत्र नांदू शकत नाहीत. जॉर्ज स्टायनर यांच्या १९६१ मधील 'द डेथ ऑफ ट्रॅजेडी' या ग्रंथाचा त्याला आधार होता. अखेरीस मृत्यूचाच पराभव होणार असेल, तर नायकाचा विनाश अंतिम ठरत नाही आणि शोकात्मिकेचा पायाच ढासळतो, असा हा युक्तिवाद.

त्यावरील माझा विश्वास डळमळला तो वसईच्या एका दफनभूमीत. एका सहकारी मित्राचे अकाली निधन झाले होते. धर्मगुरूंनी पुनरुत्थानाविषयीचा पाठ वाचला. मित्राच्या आईंनी शांतपणे 'आमेन' म्हटले आणि शवपेटीवर पहिली मूठभर माती पडताच हंबरडा फोडला. देह म्हणजे टाकून द्यावयाचे जीर्ण वस्त्र, या संस्कारात मी वाढलो. येथे आशा होती ती त्या देहासकट माणूस उठेल याचीच. 'पुनर्जन्म' आणि 'पुनरुत्थान' यांचे पूर्वपद एक. परंतु पहिल्यात नवा देह आणि जुन्या नात्यांचे विस्मरण, तर दुसऱ्यात त्याच व्यक्तीचे, त्याच नावानिशी उठणे. ज्याचे काहीच टाकाऊ नाही, त्याच्यासाठी रडणेही मग अटळच.

घरी परतल्यावर शुभवर्तमाने पुन्हा वाचली. योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजराला उठवण्यापूर्वी येशू रडतो. विसाव्यात पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण कायम आहेत. सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत तर मार्काची कथा सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच थांबते : रिकाम्या कबरीपासून स्त्रिया भयाने पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. घोषणा झाली आहे. दर्शन अद्याप नाही. मित्राच्या आई नेमक्या याच जागी उभ्या होत्या. मी ज्याला कथेचा समारोप समजत होतो, ती त्यांच्या लेखी प्रतीक्षा होती.

यंदाही तो तास घेतला. स्टायनर यांच्या मांडणीशेजारी मार्काचे ते वचन ठेवले. 'मग ही शोकात्मिका म्हणायची का, सर?' एका विद्यार्थिनीने विचारले. नाही, असे मी म्हणालो. परंतु दुःख फिटल्याचा दावाही ही संहिता करीत नाही, एवढे त्यात जोडले. पूर्वीच्या टिपणातले 'एकत्र नांदू शकत नाहीत' हे शब्द मी आता खोडले आहेत.