मांजराची भूल

मनुष्य शस्त्रक्रियेला स्वतःच्या संमतीने सामोरा जातो. मांजराची संमती आपण गृहीत धरतो, आणि म्हणूनच त्याला कोणती भूल द्यावी हा प्रश्न केवळ औषधशास्त्राचा न राहता आपल्या सदसद्विवेकाचाही होऊन बसतो.

रायपुरात, तात्यापाऱ्यातील आमची ३ किलो वजनाची मनी गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर निजवली गेली, तेव्हा तिचे डोळे सताड उघडे होते. केटामाइनने वेदनेची जाणीव हरपते, पण पापण्या मिटत नाहीत. म्हणून बुबुळे कोरडी पडू नयेत यासाठी डॉक्टरांनी प्रथम दोन्ही डोळ्यांत मलम घातले. १९६२ साली सिद्ध झालेले हे औषध रक्तदाब सहसा खालावू देत नाही, हा त्याचा मोठा गुण; परंतु ते एकटेच दिल्यास स्नायू ताठरतात, आणि म्हणून त्याला सोबती लागतो. झायलाझिन स्नायू सैल करते, पण मांजराला बहुधा वांती होते व हृदय मंदावते. मेडेटोमिडीननेही हृदय मंदावतेच, तथापि अटिपामेझोल देऊन त्याचा अंमल उतरवता येतो. केटामाइनला मात्र असा उतारा नाही, त्यामुळे सोबत्याचा अंमल घाईने उतरवल्यास ताठरपणा तेवढा मागे राहतो. प्रोपोफॉल लवकर ओसरते, पण ते शिरेतूनच द्यावे लागते आणि श्वास थांबवू शकते. सारांश, निर्दोष जोडी कोणतीच नाही. वय, हृदय आणि मूत्रपिंड पाहूनच तजवीज करावी लागते.

२०१३ साली भारतात केटामाइन शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या औषधसूचीत गेले आणि त्याची चिठ्ठी दोन वर्षे दप्तरी ठेवणे विक्रेत्यास बंधनकारक झाले. हा बंदोबस्त योग्यच. परंतु बाटलीचा हिशेब ठेवणाऱ्या दप्तरात जिवाच्या शुद्धीची नोंद नसते. ब्रिटनमधील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीत भुलीशी निगडित मृत्यूचे प्रमाण मांजरांत ०.२४ टक्के आढळले, आणि त्यांतील सुमारे ६० टक्के मृत्यू शस्त्रक्रिया आटोपल्यानंतरचे, त्यातही पुष्कळसे पहिल्या तीन तासांतले होते. बाहेर नवतप्यातल्या उन्हाची आग बरसत असतानाही, भुलीमुळे कापरे भरण्याची शक्ती गमावलेला तो चिमुकला देह धातूच्या टेबलावर गार पडत जातो, हे मी मनीचे पंजे हातात धरून अनुभवले आहे.

म्हणून मांजर शस्त्रक्रियेस नेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : औषधांची नावे अवश्य विचारा, परंतु मांजर पुरते शुद्धीवर येईपर्यंत त्याची ऊब, श्वास आणि हिरड्यांचा रंग कोण पाहणार, हे त्याआधी विचारा, आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर परवानगी घेऊन स्वतः त्याच्याजवळ बसा.