साडेसोळा मिलिमीटर
भाड्याच्या घरात खेळातली रेल्वे उभारायची, तर रूळ ठोकायचे की नुसते मांडायचे? इथेच माझं घोडं दोन महिने अडलं. काटोचा युनिट्रॅक म्हणजे खडीसकट तयार तुकडे. खटकन जोडा, घर बदललं की खटकन काढा. पेकोचा फ्लेक्स ट्रॅक फळीवर ठोकावा लागतो, पण हवा तसा वळतो. त्यातही कोड १०० की ७५? कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजारांशात. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिमी उंच. एचओ स्केल १:८७, म्हणजे जवळजवळ २ मिमी. कोड ७५च!

मी खुशीत नमुन्याचा तुकडा बाबांपुढे ठेवला. ते ट्रॅकमन होते, उभा जन्म रुळांवर चालले. त्यांनी दोन रुळांमध्ये बोट ठेवलं. "गेज कमी आहे रे."

खरंच होतं. एचओचे १६.५ मिमी परदेशातल्या १४३५ मिमी गेजसाठी. आपल्या १६७६ला १९हून जास्त हवेत. काटो घ्या, पेको घ्या, माझ्या यादीतले सगळे साडेसोळाच. इतका हिशेब करून मी नेमकं हेच पाहिलं नव्हतं.

"ठोकणार असशील तर सांध्यात फट ठेव," बाबा म्हणाले. "मे महिन्यात कळेल."

पेको मागवला. घरमालकांना अजून सांगितलेलं नाही.