जैतूनचा चोथा

वर्गात भूमध्य सागरी हवामानाचा धडा चालू होता. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. पिकं द्राक्षं, अंजीर, जैतून. जैतून म्हणताच वर्ग जागा झाला. 'अत्-तीन' या सूरेत अंजिराची आणि जैतूनची शपथ आहे, त्यामुळे हे नाव आमच्या मुलांना तोंडपाठ. शेवटच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, तेल निकालने के बाद चोथे का क्या करते?" त्याचे वडील तेलाच्या घाण्यावर कामाला. त्यामुळे पेंडीचा प्रश्न त्यालाच सुचणार. आम्हाला उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगतो," म्हणून वेळ मारून नेली.

रात्री वाचायला बसलो आणि थेट स्पेनला पोहोचलो. तिथल्या एकट्या खाएन प्रांतात जैतूनची सहा कोटींहून अधिक झाडं आहेत. स्पॅनिशमध्ये जैतूनच्या फळाला 'आसेतुना' म्हणतात, तो आपल्या 'जैतून'चाच भाऊ. आणि तेलाच्या घाण्याला 'अल्माझारा', तो अरबी 'मअसरा'. उर्दू शिकवणाऱ्याला आपल्या मोहल्ल्यातलं कुणी परदेशात भेटावं, तसं झालं.

१९९०नंतर तिथं तेल काढण्याची दोन टप्प्यांची पद्धत आली. पाणी कमी लागू लागलं, पण शंभर किलो फळांमागे वीसेक किलो तेल आणि ऐंशी किलोच्या आसपास ओला, चिकट चोथा उरू लागला. त्याला 'अल्पेरुखो' म्हणतात. तो आंबट, तेलकट, आणि त्यात फिनॉल नावाची द्रव्यं. कच्चाच शेतात टाकला तर कोवळी रोपं जळतात. म्हणून त्यात जैतूनचा पाला, पेंढा आणि मेंढ्यांचं किंवा कोंबड्यांचं खत मिसळतात. पाल्यापेंढ्यानं हवा खेळते, खतानं नत्र मिळतं. लांब ढीग रचतात, पाणी शिंपडतात, पुनःपुन्हा पलटतात. ढीग आतून साठ अंशांच्या घरात तापतो, मग हळूहळू निवतो. असे कित्येक महिने गेले की मातीच्या वासाचं काळं खत होतं. त्यात पालाश भरपूर, स्फुरद कमी. ते त्याच झाडांच्या बुंध्याशी परत जातं. उतारावरची माती पाणी धरते, पावसानं वाहून जायची थांबते.

'कच्चाच टाकला तर रोपं जळतात' या ओळीवर आम्ही थांबलो. पुढचं वाचवेना.

बी.एड. होऊन आलो त्या वर्षीची गोष्ट. आमची दोन एकर जमीन उसाच्या पट्ट्यातली. अब्बांनी कारखान्यातून एक ट्रॉली प्रेसमड आणलं, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरतो तो काळा गाळ. ते खड्ड्यात कुजवून पुढच्या हंगामात टाकायचं, असा त्यांचा विचार. आम्ही नव्या पदवीच्या तोऱ्यात म्हणालो, "सेंद्रिय ते सेंद्रिय. वर्ष कशाला वाया घालवायचं?" अब्बा शाळेत चौथीपर्यंतच गेलेले. शिकलेल्या मुलाचं त्यांनी ऐकलं. गरम, वाफाळता गाळ पसरला, पाणी दिलं, कांद्याची रोपं लावली. पंधरा दिवसांत निम्मी पिवळी पडून बसली. रोपांसाठी अम्मीच्या बांगड्या गहाण होत्या. त्या परत आल्या नाहीत.

लोकांनी विचारलं तेव्हा अब्बा म्हणाले, "रोपंच खराब लागली." आम्ही शेजारीच उभे होतो. काही बोललो नाही. पुढंही कधी बोललो नाही. आता अब्बा नाहीत.

खत पिकलं की नाही, हे पाहायची एक सोपी रीत त्या रात्री सापडली. खताचं पाणी गाळून त्यावर अळीव उगवून पाहायचे. अळीव तर आपल्या घराघरांत, बाळंतिणीच्या लाडवांचे. दुसऱ्या आठवड्यात दोन बशा वर्गात ठेवल्या. एकीत ताज्या प्रेसमडचं पाणी, दुसरीत वर्षभर कुजलेल्याचं. दोन्हींत टिपकागद, वर वीस-वीस दाणे. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बशीत हिरवी लव उभी होती. पहिलीत चार मोड, तेही तपकिरी टोकांचे.

मुलं बशांवर वाकली. घाण्यावाल्याचा मुलगा पहिल्या बशीकडे बोट दाखवून हसला, "सर, ऐसा कच्चाच कौन डालता होगा खेत में?"

वर्गही हसला. आम्ही खडू खाली ठेवला.

"आम्ही टाकलं होतं," आम्ही म्हणालो. "आमच्या अब्बांच्या शेतात. ते नको म्हणत होते."

वर्ग गप्प झाला. मग त्या मुलानं पहिली बशी उचलून खिडकीत ठेवली, उन्हात. म्हणाला, "और दो दिन देखेंगे, सर."