मामाचं पान आणि बॅकस्लॅश २०३

तर झालं असं, की गेला अख्खा वीकांत अस्मादिकांनी एका टेक्स्ट एडिटरच्या आत चालणाऱ्या ब्राउझरमधले बग शोधण्यात घालवला. हो, बरोबर वाचलंत. एडिटरच्या आत ब्राउझर. ऑफिसात हे सांगितलं की लोक माझ्याकडे फार प्रेमाने बघतात, आजारी माणसाकडे बघतात तसं.

एडिटर म्हणजे अर्थातच इमॅक्स. मूळचा १९७६ सालचा, एमआयटीमधला. आज आपण वापरतो तो ग्नू इमॅक्स १९८५ पासूनचा. म्हणजे माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. त्यात ऑक्टोबर २०१४ मध्ये, २४.४ या आवृत्तीत, लार्स माग्ने इंगेब्रिग्टसेन या गृहस्थांनी लिहिलेला इडब्ल्यूडब्ल्यू नावाचा ब्राउझर आला. पूर्ण नाव 'इमॅक्स वेब वाउझर'. जावास्क्रिप्ट चालत नाही, पानं एखाद्या साध्या पत्रासारखी दिसतात, जाहिरातींचा त्रास नाही. आजचं अर्धं महाजाल त्यात उघडत नाही ही गोष्ट वेगळी, पण जुनी पानं मात्र झकास दिसतात. आणि मला जुनंच पान वाचायचं होतं.

माझा मामा गेल्या वर्षी गेला. एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होता, मराठी रेमिंग्टनवर हात बसलेला. २००२ साली त्याने संगणक घेतला आणि कुणाच्या तरी मदतीने स्वतःचं एक संकेतस्थळ काढलं. पाचसहा लेख, मागे निळं आकाश, वर हलणारा दिवा. ते स्थळ कधीच बंद पडलं, पण पानं त्याने सीडीवर ठेवली होती. दिवाळीत मामीने ती सीडी माझ्या हातात ठेवली. "तुझं ते कॉम्प्युटरचं शिक्षण, बघ काही होतंय का."

त्यातल्या एका लेखाची आईला फार वर्षं ओढ होती. लेख पानशेतच्या पुरावर. १२ जुलै १९६१ ला आंबी नदीवरचं, बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खाली खडकवासलाही गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आमचं आजोळ तेव्हा नारायण पेठेत, वाड्यात दोन खोल्यांत. मामा अकरा वर्षांचा. आई तान्ही. घरातली पत्रिका, वह्या, सगळं पाण्यात गेलं. आईचा जन्म घरीच, सुईणीच्या हातचा, आणि नोंद कुणी केली नव्हती. पुढे शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लावली. मास्तरांच्या कृपेने महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. तर आईचा खरा वाढदिवस कुठला, हे कुणालाच माहीत नाही. आजीला तारखा लक्षात राहत नसत. मामाला विचारलं की तो म्हणायचा, "लिहून ठेवलंय मी, लेखात आहे बघ." तेव्हा आमच्याकडे संगणक नव्हता, आणि पुढे संगणक आला तेव्हा फाँट नव्हता.

फाँटची भानगड तरुण मंडळींना सांगायला हवी. मामाने लेख कृतिदेवमध्ये टाइप केले होते. युनिकोड नाही. म्हणजे फाइलमध्ये सगळी रोमन अक्षरंच असतात, फाँट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की गचाळा. पानाच्या तळाशी 'तुमचा मामा' अशी सही होती, तिच्यातला 'मामा' मला दिसत होता ई-के-ई-के असा. पूर म्हणजे आय-डब्ल्यू-जे.

आता तुम्ही म्हणाल, फाँट टाकायचा आणि साध्या ब्राउझरमध्ये उघडायचं. किंवा कन्व्हर्टर आहेत की जालावर ढिगाने. आहेत. पण मला ते युनिकोडमध्ये हवं होतं, आईला फोनवर वाचता येईल असं. आणि खरं कारण म्हणजे, शनिवारची सकाळ होती, चहा तयार होता, आणि इमॅक्समध्ये हे करता येईल असं मला वाटलं. अनेक वीकांत असेच वाया गेलेत.

पहिला प्रयत्न अगदीच बावळट. फाइल उघडली आणि सगळ्या अक्षरांना कृतिदेवचा तक्ता लावून टाकला. सगळ्या म्हणजे एचटीएमएलच्या टॅगनासुद्धा. 'बॉडी' या टॅगचं झालं 'इवकल' आणि 'फाँट'चं 'विदज'. पान कोरं.

मग शिस्तीत कोड वाचायला बसलो. इमॅक्सची ही गोष्ट मला मनापासून आवडते. कुठलंही बटण काय करतं ते विचारा, तो फंक्शनचं नाव सांगतो. नावावर एंटर मारा, सोर्स समोर. चालत्या गाडीचं इंजिन उघडून त्यात हात घालावा तसं. तर इडब्ल्यूडब्ल्यू स्वतः फारसं काही करत नाही. एचटीएमएल तो लिबएक्सएमएल२ कडे देतो, ती लायब्ररी त्याचं झाड करून देते, आणि एसएचआर नावाचा भाग त्या झाडावर चढून एकेक टॅग कागदावर उतरवतो. प्रत्येक टॅगला एक फंक्शन. आणि हवं तर त्या जागी आपलं फंक्शन बसवायची सोय आधीपासून आहे. मी फाँट टॅगसाठी माझं बसवलं: नाव कृतिदेव असेल तर आतला मजकूर बदल, नाहीतर जसं आहे तसं पुढे जाऊ दे.

मराठी दिसायला लागलं! पण काय मराठी. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी आधी टाइप होते आणि अक्षर मागून, टाइपरायटरसारखी. युनिकोडमध्ये उलट. मी वेलांटी एक घर पुढे ढकलली. 'किती' बरोबर आलं, पण 'स्थिती'चं झालं 'सि्थती', कारण मध्ये अर्धा स होता. रफाराचं याच्या विरुद्ध, तो अक्षराच्या नंतर येतो आणि त्याला मागे न्यायचा असतो. 'वर्ष' बरोबर, 'वर्षी' मात्र 'वषर्ी'. वेलांटीने सगळी जोडाक्षरं ओलांडायची, रफाराने आधी मात्रा आणि मग अक्षर. हे सहावी-सातवीत मराठीच्या बाईंनी शिकवलेलं व्याकरण नियमित राजीत लिहिताना जेवणाची वेळ टळून गेली.

त्यानंतरचा बग मला सगळ्यात आवडला. सगळं नीट, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ण्' आणि जिथे स्वल्पविराम हवा तिथे 'ए'. "आई म्हणालीए चलाए पाणी आलं ण्" असं काहीतरी. मामाला बोबडं लिहायची सवय नव्हती. एडीबग लावून एकेक पाऊल चालत गेलो तेव्हा कळलं, की माझं फंक्शन प्रत्येक परिच्छेदासाठी दोनदा बोलावलं जातंय. का? तर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सगळं पान एका टेबलात मांडलेलं होतं. आणि एसएचआर टेबलातला प्रत्येक चौकोन आधी एकदा वेगळ्या बफरमध्ये काढून बघतो, किती जागा लागतेय ते मोजतो, मग रुंदी ठरवून पुन्हा काढतो. कपडा कापायच्या आधी मापं घेणाऱ्या शिंप्यासारखा. मी मात्र पहिल्याच फेरीत झाडातला मूळ मजकूर बदलून ठेवत होतो. दुसऱ्या फेरीत तोच पुन्हा बदलला जायचा. कृतिदेवमध्ये टिंब म्हणजे अर्धा ण आणि स्वल्पविराम म्हणजे ए! चूक सर्वस्वी माझी. मूळ मजकुराला हात न लावता त्याची प्रत बदलली, आणि मामा शुद्ध बोलायला लागला.

शनिवारी रात्री साडेअकराला मी पुराचा लेख पहिल्यांदा सलग वाचला. आजी एका हातात स्टोव्ह आणि दुसऱ्या हातात गाठोडं घेऊन जिना उतरली, आणि गाठोड्यात धाकटी आहे हे मामाला खाली आल्यावर कळलं. हे आईने मला कधी सांगितलं नव्हतं. तिलाही माहीत नसावं. आणि मग ती ओळ आली: "त्या दिवशी धाकटी बरोबर बॅकस्लॅश २०४ बॅकस्लॅश २०३ दिवसांची होती."

च्यायला.

लेखातले सगळे आकडे असेच. खोलीचं भाडं बॅकस्लॅश २०४ आणि पुढे व्यवस्थित देवनागरी शून्य. शून्य तेवढं वाचलं होतं, एक ते नऊ बुडाले होते. म्हटलं, डोकं चालवू. पुराचं साल लेखात आहेच, ते चार आकडे १९६१ असणार, म्हणजे २०३ हा १. मग २०४ हा त्याच्या पुढचा, म्हणून २, असं मानायला हरकत नव्हती. एकवीस दिवस. पण आईला फोन करून "बहुतेक" कसं सांगायचं? साठ वर्षं तिने मास्तरांच्या बहुतेकवर काढली होती.

रविवारी सकाळी त्या चिन्हावर कर्सर ठेवून इमॅक्सला विचारलं, हे काय आहे. म्हणाला, अक्षर क्रमांक १३१, नियंत्रणासाठी राखीव. माझ्या तक्त्यात १ च्या जागी होतं शेपटीवालं एफ, क्रमांक ४०२. दोन्ही एकाच बाइटचे अवतार, कोण वाचतोय त्यावर अवलंबून. विंडोजच्या १२५२ या संचात तो बाइट म्हणजे शेपटीवालं एफ, आणि आयएसओ ८८५९-१ मध्ये ती पट्टी नियंत्रण-चिन्हांची. मामाचं पान विंडोजवर बनलेलं, पण वर लेबल आयएसओचं. हे खोटं लेबल तेव्हा इतक्या पानांवर होतं, की ब्राउझरवाल्यांनी ते आयएसओ वाचून १२५२ समजायला सुरुवात केली, आणि आता तर प्रमाण नियमातच तसं लिहिलेलं आहे. माझा इमॅक्स लेबलावर विश्वास ठेवून बसला होता. तोच एकटा प्रामाणिक, आणि तोच चुकला. शून्य वाचलं कारण त्याचा बाइट दोन्ही संचांत सारखाच आहे.

इडब्ल्यूडब्ल्यूमध्ये कॅपिटल ई दाबून एन्कोडिंग बदलता येतं. बदललं. आकडे आले. कायमचा उपाय म्हणून लेबल ओळखणाऱ्या फंक्शनला चार ओळींची पुरवणी जोडली. (जाता जाता: साध्या ब्राउझरमध्ये उघडून मजकूर कन्व्हर्टरमध्ये चिकटवला असता, तर हे सगळं पंधरा मिनिटांत झालं असतं. मला माहीत आहे. कॉमेंटमध्ये सांगू नका.)

एकवीस. १२ जुलैच्या मागे एकवीस दिवस म्हणजे २१ जून १९६१.

आईला फोन केला. लेख वाचून दाखवला, गाठोड्यापर्यंत आणि मग त्या ओळीपर्यंत. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "वार कुठला येतो रे?"

इमॅक्सचं कॅलेंडर उघडून १९६१ सालच्या जूनवर गेलो. "बुधवार."

"बुधवारच. आई म्हणायची, तू बुधवारची, म्हणून बडबडी." पुन्हा गप्प. नाक ओढल्याचा आवाज आला. मी काही बोललो नाही.

"म्हणजे एक जूनला जन्मले म्हणून मला ३१ मेला रिटायर केलं त्यांनी. नाहीतर ३० जूनपर्यंत नोकरी होती माझी."

"हो गं."

"एका महिन्याचा पगार बुडवला की त्या मास्तरांनी!"