पेठच्या वाटेवर पणजोबांचा माग

आमच्या घरात एक गोष्ट तीन पिढ्यांपासून सांगितली जात होती. आपण पेठच्या राजाच्या घरातले. ही गोष्ट कुणी आणली, कशावरून आणली, हे विचारायची रीत नव्हती. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचे पेले फिरू लागले की फुफी ती काढायच्या आणि आम्ही मुलं कान टवकारून ऐकायचो. आमचे दादा लहानपणी पेठहून नाशिकला आले, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. पेठेतलं घर कुठे होतं, तिथे मागे कोण राहिलं, पणजोबा काय करायचे, याची कुणालाच खबर नव्हती.

नाशिक ते पेठ अंतर सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पंचवटीतल्या पेठ फाट्यावरून आम्ही हजारदा गेलो असू, पण त्या रस्त्यानं शेवटपर्यंत कधी गेलो नव्हतो. माणूस अजमेरला जातो, हैदराबादला जातो, उमऱ्याचे पैसे साठवतो आणि दीड तासावरचं आपलं मूळ गाव राहून जातं.

या वर्षी जावं लागलं ते कागदासाठी. लेकीच्या प्रवेशाला इतर मागासवर्गाचं प्रमाणपत्र हवं होतं आणि त्याची पडताळणी व्हायची होती. ज्या घरांनी हे केलंय त्यांना सांगायला नको. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात होतं आणि त्याच जातीचं होतं, हे दाखवावं लागतं. आमच्या दादांचा शाळेचा दाखला होता, पण जातीच्या रकान्यात एकच शब्द : 'मुसलमान'. आपल्यातल्या किती घरांचं घोडं इथे अडतं! तांबोळी असो, पिंजारी असो, मणेर असो, गुरुजींनी सरसकट मुसलमान लिहून टाकलं आणि वहीचं पान उलटलं. त्यांचंही काय चुकलं म्हणा, आपल्या वडीलधाऱ्यांनी तरी कुठे वेगळं सांगितलं? एका कार्यालयात आम्हाला सल्ला मिळाला की दादांच्या जन्मगावी जा आणि कोतवाल बुक बघा.

निघायला ऑक्टोबर बरा ठरला. पेठ तालुक्यात पाऊस असा कोसळतो की घाटात दरडी येतात, आणि तेवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर बायका हंडे घेऊन मैलभर चालतात. या दोन्हींच्या मधले हे दोन महिने. आम्ही चौघं निघालो : आम्ही नवराबायको, लेक, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या फुफी. फुफींना कागदाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना आपल्या आजोबांच्या कबरीवर फातिहा पढायची होती.

शहर सुटलं की उजव्या हाताला रामशेज दिसतो. मोगल फौजांनी १६८२ मध्ये या किल्ल्याला वेढा घातला आणि मराठ्यांनी तो पाच वर्षांहून अधिक काळ लढवला. आपण रस्त्यावरून बघतो तेव्हा एवढीशी टेकडी वाटते. पुढे द्राक्षबागा विरळ होतात, सावळघाट लागतो आणि हवा बदलते. गोदावरीचं पाणी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जातं. घाटापलीकडचं पाणी दमणगंगेतून, पार नदीतून गुजरातकडे आणि अरबी समुद्रात. करंजाळी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंच्या उतारांवर खुरासणी फुलली होती. पिवळाधमक रंग, मध्ये नागलीचे तांबूस होत चाललेले तुकडे, खाली खाचरात भात. लेकीनं फोन काढला आणि कोटंबीचा घाट येईपर्यंत तो खाली ठेवला नाही.

समोरून जिपा येत होत्या, माणसांनी गच्च भरलेल्या, वर टपावर बोचकी. दिवाळी जवळ आली की इथली कुटुंबं दिंडोरी आणि गिरणाऱ्याकडे द्राक्षबागांच्या कामाला निघतात. आम्ही गावाचा माग काढत आत चाललो होतो आणि गाव पोटासाठी बाहेर चाललं होतं. आमचे दादाही असेच कुठल्यातरी बैलगाडीतून गेले असतील.

आता राजाची गोष्ट, कारण ती पूर्ण खोटी नाही. पेठ हे खरंच छोटं संस्थान होतं. तिथलं राजघराणं दळव्यांचं. मोगल काळात या घराण्यानं इस्लाम स्वीकारला, पण दळवी हे आडनाव आणि दलपतराव यांसारखी नावं घरात तशीच चालत राहिली. त्यामुळे जुने कागद वाचताना माणूस गोंधळतो. १८५७ च्या अखेरीस इथल्या कोळी आणि इतर आदिवासींनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, हरसूलचा बाजार लुटला गेला, आणि या उठावापायी राजघराण्यातल्या भगवंतराव नीळकंठराव यांना फाशी दिलं गेलं. पुढे संस्थानच्या नावावर एक बेगम उरल्या. त्या १८७८ मध्ये वारल्या, वारस नाही म्हणून इंग्रजांनी संस्थान खालसा केलं आणि पेठ नाशिक जिल्ह्याचा तालुका झाला. ही हकीगत १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये सापडते. फक्त शोधणाऱ्यानं एक लक्षात ठेवावं : इंग्रजांच्या कागदांत पेठ हे 'पेठ' नाही, 'पेंट' आहे. आम्ही आधी कितीतरी वेळ चुकीच्या नावाखाली शोधत बसलो होतो.

पेठ गाव डोंगराच्या कुशीत आहे. एक मुख्य रस्ता, त्यावर एसटी, किराणा, मोबाईलची दुकानं, गुजरातच्या पाट्या लावलेले टेम्पो. भाषा मराठीच, पण कोकणा लोकांच्या बोलण्यात गुजरातीचा हेल ऐकू येतो. जुहरची नमाज मशिदीत अदा केली, डबे उघडून जेवलो आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात गेलो.

कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची वही, गाव नमुना नंबर १४. कोतवाल दारोदार फिरून कळवायचा, पाटील-तलाठी लिहायचे. मूल कुणाचं, बापाचं नाव काय, जात कोणती, मृत्यू असेल तर कशानं. स्वातंत्र्यापूर्वीच्या वह्या बहुतेक मोडीत. पानं अशी की हात लावला तर कोपरा हातात यावा. आम्हाला मोडीचा 'म' येत नाही. सुदैवानं गावातल्या एका निवृत्त तलाठ्यांना वाचता येते असं कळलं. ते चष्मा पुसत आले आणि 'साल काय?' एवढंच विचारून बसले. दादांचं जन्मसाल आम्हाला अंदाजानंच माहीत. तीन वह्या झाल्या. पटकीनं गेलेले, तापानं गेलेले, आठ दिवसांचं मूल, बाळंतपणात गेलेली बाई. ते वाचत होते आणि फुफी प्रत्येक नावावर हळूच इन्ना लिल्लाही पढत होत्या, कोळी असो, कोकणा असो, वाणी असो.

चौथ्या वहीत दादा सापडले. मुलगा, बापाचं नाव तेच, आणि पुढे जातीच्या रकान्यात : 'मुसलमान मणेर'.

आम्हा दोघांच्या तोंडून अल्हम्दुलिल्लाह निघालं. लेकीला हवा होता तो शब्द होता. आणि मग आम्ही फुफींकडे पाहिलं. मणेर म्हणजे बांगड्या भरणारा. राजाच्या घरातले नव्हे. त्या काही बोलल्या नाहीत, पदर सावरून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. नकलेचा अर्ज भरला, फी भरली, तोवर त्या तिथेच बसून होत्या. वाईट वाटलं. पंचाहत्तर वर्षं जी गोष्ट जपली ती सरकारी वहीच्या एका रकान्यानं काढून घेतली.

आम्ही वाचलं होतं की कॅनडा, ऑस्ट्रेलियातून कितीतरी माणसं आपले पूर्वज शोधायला स्कॉटलंडला जातात. तिथे जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद १८५५ पासून सुरू झाली, आणि त्याआधीची चर्चची रजिस्टरं एडिंबरोत जपून ठेवलेली आहेत. गावातल्या चर्चच्या आवारात दगडावर नाव कोरलेलं असतं, त्यावरचं शेवाळ पुसलं की माणूस भेटतो. आपलं तसं नाही. पेठच्या कब्रस्तानात आम्ही गेलो तेव्हा गुडघाभर गवत होतं, मातीचे उंचवटे पावसानं बसलेले. कच्ची कबर, ना नाव ना तारीख. शरियतच्या दृष्टीनं साधेपणा बरा, हे आम्ही मानतो, पण शोधायला आलेल्या माणसाची पंचाईत होते खरी. आजोबांची कबर कुठली, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. फुफी मधोमध उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसाठीच दुआ केली. तेच बरोबर होतं.

परत निघताना मशिदीतल्या एका बुजुर्गांनी सांगितलं की जवळच्या पाड्यावर एक फार म्हातारी कोकणा बाई आहे, तिला जुनं आठवतं. गाडी अर्ध्यावर सोडून बांधावरून चालत गेलो. म्हातारी अंगणात नागलीची कणसं निवडत बसली होती. आम्ही बांगडीवाल्याचं विचारलं. ती आधी लेकीच्या मोकळ्या हातांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मणेरबाबा ना? पेटी डोक्यावर घेऊन यायचा. मी एवढीशी व्हते. माझ्या आईच्या हातात त्यानंच भरल्या."

तिनं जे सांगितलं ते कुठल्या वहीत नाही. पणजोबा पाड्यापाड्यावर पायी फिरायचे. लग्न असलं की आधी त्यांना निरोप जायचा. पैसा कुणाकडेच नसायचा, म्हणून बांगड्या पावसाळ्यात भरायच्या आणि दाम नागली निघाल्यावर, धान्यात. म्हणून ते दरसाल याच दिवसांत वसुलीला यायचे. रात्र झाली तर ओट्यावर झोपायचे, नमाजेला पाणी मागायचे, आणि भाकरी इथलीच खायचे. राजवाड्यात पण जायचे का, असं फुफींनी विचारलं. म्हातारी म्हणाली, "जायाचा ना. राणीलाबी बांगड्या लागत्यात." तिच्या लहानपणी पेठेत राणी नव्हती, हे आम्हाला कळत होतं. आजीकडून ऐकलेलं असेल. पण आमच्या घरची गोष्ट कुठून निघाली असावी, याचा अंदाज आला. पणजोबांच्या बापजाद्यांपैकी कुणी खरंच वाड्यात बांगड्या भरायला जात असेल. तीन पिढ्यांत बांगड्या गळून पडल्या आणि वाडा तेवढा राहिला.

फुफींच्या चेहऱ्यावर तासाभरानं हसू आलं. मग एकाएकी त्या गंभीर झाल्या. मयताचं कर्ज ही आपल्यात साधी गोष्ट नाही, वारसांनी मालमत्ता वाटण्याआधी ते फेडायचं असतं. त्यांनी विचारलं, "आमच्या आजोबांचं कुणाकडून घेतलेलं काही राहिलं होतं का? असलं तर सांगा, आम्ही देऊन जाऊ."

म्हातारीनं थोडा विचार केला. "त्याचं काय राहनार? आमचीच राहिली असंल. तो गेला त्या साली नागली निघालीच नव्हती."

ती उठली, आत गेली आणि सुपात नागली घेऊन आली. अडीच-तीन किलो असेल. आम्ही नको नको म्हणत होतो. फुफींनी आम्हाला गप्प केलं, पदर पसरला आणि नागली घेतली. देणाऱ्याला कर्जातून मोकळं होऊ द्यावं, असं त्या गाडीत बसल्यावर म्हणाल्या. सावळघाट चढेपर्यंत अंधार पडला होता. वाटेत एका वळणावर बागांकडे निघालेली एक जीप पंक्चर होऊन उभी होती, बायका रस्त्याच्या कडेला चूल मांडून बसल्या होत्या.

नक्कल हातात आली आहे, अर्ज गेला आहे, पडताळणीचा निकाल अजून यायचा आहे. नागली मात्र संपली. फुफींनी ती दळून भाकरी केल्या आणि नाशिकमधल्या सगळ्या भावंडांच्या घरी दोन-दोन पाठवल्या, वर निरोप : वसुली आली आहे.