स्पॅनिश टाउनहून ताईस

स्पॅनिश टाउन, जमैका
मंगळवार

प्रिय ताई,

लंडनच्या मैत्रिणीबरोबर तिच्या आजीचं घराणं शोधायला इथे आले आहे. जन्ममृत्यूची सरकारी नोंद 1878 पासूनची, तिथवर सहज पोचलो. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या.

त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारलं नि पणजोबांची सही काढून दाखवली, आठवतं ना? इथे 1834 च्या, म्हणजे गुलामांच्या मुक्तीच्या, मागे जायचं तर आधी मालकाचं नाव लागतं. 1807 मध्ये ब्रिटिशांनी गुलामांचा व्यापार बंद केला. तरी चोरून माणसं आणली जाऊ नयेत म्हणून जमैकात 1817 पासून दर तीन वर्षांनी मालकांकडून याद्या घेत: नाव, वय, रंग, जन्म आफ्रिकेतला की इथला. एक प्रत लंडनला जाई. ती आज क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. सगळं मालकाच्या नावाखाली, मालमत्ता म्हणून.

बाप्तिस्म्याच्या एका नोंदीत मळ्याचं नाव मिळालं. मालक सापडला तो भरपाईच्या कागदांत. मुक्तीच्या कायद्याबरोबर ब्रिटनने मालकांना 2 कोटी पौंड दिले. मुक्त झालेल्यांना छदामही नाही. उलट 1838 पर्यंत बहुतेकांना त्याच मालकांकडे 'उमेदवार' म्हणून राबावं लागलं. मालकांचे ते भरपाईचे दावे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने कुणालाही पाहता येतील असे मांडले आहेत. लुटारूच्या भरपाईवरून लुटलेल्यांचा माग काढायचा! मला संताप आवरेना. मैत्रीण मात्र शांतपणे पानं उलटत होती.

शुक्रवार

ताई, सापडली! 1817 च्या यादीत मैत्रिणीच्या घराण्यातल्या एका लहान मुलाच्या नावापुढे शेऱ्यात आईचं नाव आहे. वर पाहिलं तर तीच बाई, वयासह, आणि पुढे 'आफ्रिकन'. बापाचं नाव या याद्यांत जवळजवळ नसतंच. आयांमुळेच वंशाचा धागा हाती लागतो. ती कुठल्या लोकांतली, हे यादी सांगत नाही. त्रिनिदादच्या 1813 च्या नोंदणीत इग्बो, मँडिंगो असं लिहीत. तसं इथे असतं तर!

आता मैत्रीण त्या मळ्याची सगळीच यादी उतरवून घेते आहे, आपल्या नात्यातली नसलेली नावंसुद्धा. त्यांचीही नातवंडं-पतवंडं कुठेतरी शोधत असतील, म्हणते. निम्मी पानं मी घेतली आहेत, त्यामुळे परतायला आठवडाभर उशीर होईल. आईला तसं कळव.

तुझी,
धाकटी